मॉस्कोचा राखणदार

माझी मुलगी मॉस्कोत राहते. गेल्या आठ महिन्यांत हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय आणि त्यावर "अगंबाई, तिकडे तर युद्ध चाललंय ना?" हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी श्वास न घेता पुढचं जोडून टाकते. रशियातलं नाही, अमेरिकेतलं. आयडाहो नावाचं राज्य आहे, त्याच्या वरच्या टोकाला. आपल्या मुलुंडच्या चार-दोन गल्ल्यांत मावेल एवढं गाव. आजूबाजूला गव्हाची आणि मसुरीची शेतं, मधे एक विद्यापीठ, आणि त्या विद्यापीठात माझी मुलगी मातीचा अभ्यास करते. मातीचा अभ्यास करायला एवढ्या लांब कशाला, माती काय इथे नाही का, असं आमच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पण ही हकिकत मुलीची कमी आणि माझ्या सासऱ्यांची जास्त आहे. त्यांना मी आबा म्हणते. वय ब्याऐंशी. मूळचे कणकवलीजवळच्या एका गावचे, तरुणपण लालबागच्या गिरणीत गेलं, गिरणी बंद पडल्यावर बायको-मुलाला घेऊन मुलुंडला आले आणि एका छोट्या कारखान्यात वॉचमन झाले. आमची सोसायटी चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, अर्ध्याहून जास्त घरं कोकणातली. समोर आता एक टॉवर झालाय, त्याचं नाव व्हेनिस. पावसाळ्यात त्याच्या गेटपाशी गुडघाभर पाणी साचतं, तेवढ्यापुरतं ते नाव खरं आहे. त्या टॉवरवाल्यांकडे जिम आहे, पोहायचा तलाव आहे. आमच्याकडे आबा आहेत.

आबा गाऱ्हाणं घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: देवापुढे नारळ आणि विडा ठेवायचा, हात जोडून मोठ्या आवाजात देवाशी बोलायचं, काय हवंय ते मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. कोणी नवी रिक्षा घेतली, कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या हृदयात स्टेंट घालायचाय, की आबांना बोलावणं येतं. एरवी घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही म्हणून कुरकुरणारा हा माणूस नारळापुढे उभा राहिला की जिना दणाणतो. खालच्या मजल्यावरचे गुजराती काकाही आता झोकात "व्हय म्हाराजा" म्हणतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर घाटकोपरचं, मूळ साताऱ्याकडचं, आमच्यात असलं काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा गाऱ्हाणं ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना आणि मी तोंडात पदर कोंबला. आबांनी ते पाहिलं होतं. नंतर एवढंच म्हणाले, "हस. हसण्याक हरकत नाय. पण पत्तो नीट ऐकलंस मा?"

कारण त्यांच्या मते सगळी मेख पत्त्यात आहे. गाऱ्हाण्याची सुरुवात जागेपासून होते. कुठलं गाव, कुठली शीव, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, तिथला राखणदार कोण. "देव सगळीकडे असता," ते सांगायचे, "पण राखणदार जाग्याचो असता. तेका हाक मारताना गाव चुकलो तर नारळ फुकट." कोकणात एका नावाची दोन-दोन गावं असतात, म्हणून नुसतं नाव पुरत नाही. नदी सांगा, डोंगर सांगा, मग तो ऐकतो. एखाद्या पोस्टमननेसुद्धा पत्त्याची एवढी काळजी केली नसेल.

मुलगी निघाली तेव्हा श्रावण चालू होता. जायच्या दोन दिवस आधी तिने आजोबांना फोनवर नकाशा दाखवला. मॉस्को म्हटल्यावर आबा चमकले होते. गिरणीत असताना लाल बावट्याच्या सभांतून त्यांनी ते नाव पुष्कळ ऐकलं होतं. "म्हणजे रशियात चललंस?" नाही आजोबा, अमेरिकेत. "मगे नाव कित्याक तसा?" ते तिलाही माहीत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉलमध्ये सोसायटी जमली, नारळ ठेवला, आणि आबांनी गाऱ्हाणं घातलं: मॉस्को गावच्या राखणदारा, आमचं लेकरू तुझ्या पदरात येतंय, त्याला सुखरूप पोचव, त्याला विद्या दे, त्याला मोठं कर. सगळ्यांनी व्हय म्हाराजा केलं. माझ्या नवऱ्याने डोळे पुसले आणि पंख्याचं वारं लागतंय असं सांगितलं. मी रडले नाही. मी वजनकाट्यावर बॅग तिसऱ्यांदा ठेवत होते.

जानेवारीत ती बर्फावरून घसरली. बसस्टॉपवर उभी होती, बस आली, दोन पावलं टाकली आणि पाय गेला. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, दहा दिवस पाय उशीवर ठेवून पडून राहा, मग प्लेट घालू. ती एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. त्या बाई जिना चढून तिला मसुरीचं सूप आणून देत होत्या. मला व्हिसा मिळायला कित्येक महिने लागणार होते. म्हणजे मुलीचा पाय मोडलाय आणि मी इथे बसून सातवीच्या वर्गाला घर्षण शिकवतेय, बर्फावर घर्षण कमी असतं हे फळ्यावर लिहितेय. त्या आठवड्यात मी दोन मुलांवर विनाकारण डाफरले.

रोज सकाळी आठला आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, ऑपरेशन झालं ना की मी परत येते. हे सेमिस्टर सोडते. पुढचं पुढे बघू." आणि मग फोन आजोबांकडे द्यायला सांगितलं. त्यांना म्हणाली, "आजोबा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गाऱ्हाणं घाला ना. मला भीती वाटतेय. तुम्ही घातलंत की बरं वाटेल."

आबांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "माझ्यान होवचा नाय," आणि उठून बाल्कनीत गेले.

मला कळेचना. ज्या माणसाने आमच्या वॉशिंग मशीनसाठीसुद्धा गाऱ्हाणं घातलंय, तो नातीच्या ऑपरेशनला नाही म्हणतो? नवऱ्याने विचारून पाहिलं, तर त्यालाही तेच उत्तर. शेवटी मी चहा घेऊन बाल्कनीत गेले आणि सरळ विचारलं, "आबा, काय झालंय?"

मग त्यांनी सांगितलं. टीव्हीवर ते रोज युद्धाच्या बातम्या बघायचे. मॉस्को, मॉस्को सारखं कानावर पडायचं. आणि मुलगी पडल्याचा फोन आला त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की श्रावणात आपण फक्त मॉस्को म्हटलं. अमेरिका म्हटलं नाही, नदी सांगितली नाही, डोंगर सांगितला नाही. "हाक थोरल्या मॉस्कोक गेली. थंयचो राखणदार उठान बसलो, आणि धाकट्या मॉस्कोत माझ्या चेडवाच्या पाठीशी कोण नाय." आता पुन्हा गाऱ्हाणं घालायचं तर पत्ता कुठला सांगायचा? चुकलं तर? पुन्हा काही झालं तर?

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "आबा, तिचा पाय बर्फामुळे मोडला." ते म्हणाले, "व्हय. बर्फामुळेच." आणि कप माझ्या हातात दिला. वाद घालणाऱ्याला उत्तर देता येतं. हो म्हणणाऱ्यापुढे काय करणार?

मुलीला हे सांगितलं तेव्हा ती पडल्यापासून पहिल्यांदा हसली. पाय उशीवर, हातात लॅपटॉप, करायला दुसरं काही नाही. म्हणाली, "आजोबांना पत्ता हवाय ना? मी शोधून देते." आणि मग आमच्या सकाळच्या कॉलची शाळाच झाली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर ठेवायचा, आबा समोर, मी डबा भरता भरता कान देऊन.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, की अमेरिकेत अशी गावं पैशाला पासरी आहेत. पॅरिस आहेत, तेही एक नाही, बरीच. अथेन्स आहेत, रोम आहे, बर्लिन आहे, कैरो आहे, दिल्लीसुद्धा आहे. पेट्रोलपंप, चर्च, धान्याचं कोठार आणि एक हायस्कूल, की झालं रोम. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "नावां कोणी ठेवली?" जे बाहेरून येऊन वसले त्यांनी. "म्हणजे रोमाच्या माणसांनी रोम?" काही ठिकाणी तसं, काही ठिकाणी उगीच, ऐकून. कोणाला वाटलं आपलं गाव पुढे मोठं होईल, म्हणून आत्ताच मोठं नाव देऊन ठेवलं. आबांनी खिडकीतून समोरच्या व्हेनिसकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांना ते लगेच पटलं.

मग तिच्या मॉस्कोची कथा निघाली. तिथे कोणी रशियन आलाच नव्हता. गावातले लोक सांगतात, म्हणे तिथला पहिल्या काळातला एक पोस्टमास्तर होता, तो अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका लहान मॉस्कोत जन्मला होता. पोस्टाच्या कागदावर गावाचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतःच्या गावचं नाव लिहून टाकलं. खरं मॉस्को त्याने जन्मात पाहिलं नसणार. खरं-खोटं देव जाणे, पण आबा या पोस्टमास्तरावर बेहद्द खूश झाले. "तेना बरोबर केला," म्हणाले. "तेका तेचा मॉस्को व्हया होता. राजाचा नको होता."

"पण आजोबा, त्याच्या आधी दुसरं नाव होतं," मुलगी म्हणाली. "डुकरांचा स्वर्ग." तिथल्या माळावर एक कंद उगवायचा आणि तो खाऊन डुकरं माजायची, म्हणून शेतकऱ्यांनी ते नाव दिलं होतं, आणि त्यांच्या बायकांनी ते बदलायला लावलं. आबांना खोकल्याची उबळ येईस्तोवर हसू आलं. किती दिवसांनी.

मी या संशोधनात फारसा भाग घेत नव्हते, पण मधेच मला आबांचंच एक जुनं बोलणं आठवलं. मुलुंडला आल्यावर पहिलं वर्षभर त्यांनी गाऱ्हाणं घातलंच नव्हतं, कारण इथला राखणदार कोण हे त्यांना माहीत नव्हतं. बिल्डिंगवाले कालचे, कारखानेवाले परवाचे, कोणाला विचारणार? शेवटी बाजारात मासे विकणाऱ्या एका कोळीण मावशींनी त्यांची कीव केली. त्या खाडीकडच्या जुन्या वस्तीतल्या. म्हणाल्या, "जे आधी होते त्यांना विचार ना रे दादा. आमी हाव की." आणि त्यांनी खाडीच्या बाजूचं राखणदाराचं एक ठाणं दाखवलं. तेव्हापासून आबांचं गाऱ्हाणं "पूर्वेक खाडी, पश्चिमेक डोंगर" असं सुरू होतं. मी मुलीला एवढंच म्हटलं, "डुकरांच्या आधी कोण होतं ते बघ."

दोन दिवसांनी तिने ते शोधलं. घरमालकीणबाईंना विचारलं, गावच्या लायब्ररीतून त्यांनी पुस्तक आणून दिलं. त्या माळावर तिथले मूळचे आदिवासी उन्हाळ्यात ते कंद खणायला यायचे, आणि त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ म्हणे ठिपकेवाल्या हरणांची जागा. आबांनी ते माझ्याकडून कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: अमेरिका देश, आयडाहो राज्य, मसुरीची शेतं, गव्हाचे डोंगर, ठिपकेवाल्या हरणांची जागा. चष्मा लावून दोनदा वाचलं.

"आता झालं ना आजोबा? पत्ता बरोबर आहे ना?"

"पत्तो बरोबर असा," आबा म्हणाले.

"मग घालाल ना? परवा ऑपरेशन आहे."

आबांनी कॅलेंडर उलटं ठेवलं.

त्या क्षणी मला संताप आला. मी डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की तिकडे आयडाहोत ऐकू गेलं असेल. एवढी खटपट करून पोरीने पत्ता काढून दिला, आता काय अडलंय? तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला अजून दिसतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आजोबा, एक गंमत राहिली. अमेरिकेत एक बॉम्बेपण आहे."

न्यूयॉर्क राज्यात, पार वरती, कॅनडाच्या सीमेलगत एक खेडं आहे, त्याचं नाव बॉम्बे. जुन्या काळी ती जमीन ज्याच्या मालकीची होती, त्याची बायको म्हणे आपल्या मुंबईत राहिलेली होती. म्हणून त्याने गावाला ते नाव दिलं. मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, "बघा, बायकोसाठी गावाला नाव दिलं त्याने. मला घाटकोपरहून साधा ढोकळा येत नाही." नवरा वर्तमानपत्रात घुसला.

आबा मात्र फोनच्या जवळ सरकले. "ती मगे परत इली काय? मुंबैक?"

"माहीत नाही आजोबा. तसं काही लिहिलेलं नाही."

"तेना नाव कित्याक ठेवल्यान? ती रडत असतली म्हणान?"

"असेल. तेही लिहिलेलं नाही."

आबा म्हणाले, "रडत असतली. परत धाडूचा नसात, तर नाव तरी आणूचा." आणि वर, "तेना तिका बांधून नाय घातल्यान." मला वाक्याचा नीट अर्थ लागला नाही. बांधून घालायचं म्हणजे काय, ती तर त्याच्याच घरी होती. पण त्या दिवशी दुपारी शाळेतून आले, तर आबा स्वतः बाजारात जाऊन नारळ घेऊन आले होते. एक नाही, दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच आमचा हॉल भरला. कोणी निरोप दिला होता कुणास ठाऊक. मजल्यावरच्या काकू, गुजराती काका, वरचे निवृत्त कंडक्टर, सगळे. फोन तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडे मुलगी, तिच्या मागे खिडकीत निळसर बर्फ, आणि शेजारी खुर्चीवर त्या घरमालकीणबाई हात जोडून बसलेल्या, कारण आमच्या लेकीने त्यांना तसं सांगितलं होतं. आबांनी धोतर नेसलं होतं. दोन्ही नारळ पाटावर ठेवले, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, पूर्वेक खाडी, पश्चिमेक डोंगर, ह्या मुलुंड गावच्या राखणदारा, आणि थंय सातासमुद्रापलीकडे, अमेरिका देशात, आयडाहो राज्यात, मसुरीच्या शेतांत, गव्हाच्या डोंगरांत, जेका आज मॉस्को म्हणतत, तेच्या आदी डुकरांचो स्वर्ग म्हणत, आणि तेच्याय आदी ठिपक्याच्या हरणांची जागा म्हणत, त्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"रशिया देशातल्या थोरल्या मॉस्कोच्या राखणदारा, श्रावणात तुका चुकान हाक गेली असात, तर हो दुसरो नारळ तुझो. तो घे आणि आपल्या जाग्यावर परत जा. तुझीय पोरां घराबाहेर गेली हत, तेंका बघ."

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं, आता ऑपरेशनचं येणार. पण आबा थांबले. आवाज खाली आला. गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आता माझा चुकला ता सांगतंय. श्रावणात पोरगी जाताना मी तोंडान एक मागलंय आणि मनात एक मागलंय. तोंडान म्हटलंय, तिका मोठी कर. मनात म्हटलंय, तिका थंय गमूक नको. तिका लवकर घराक परत धाड. माझे डोळे असत तवसर धाड. तू ऐकलस म्हाराजा. पत्तो काय चुकलो नव्हतो. तू बरोबर ऐकलस आणि पाय मोडून धाडूक लागलस."

कोणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. काकूंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. या वाक्याला हो म्हणायचं की नाही, हे कोणालाच कळलं नाही. मला मात्र बांधून घालणं म्हणजे काय, ते आत्ता कळलं.

"ता मागणा मी परत घेतंय," आबा म्हणाले. "तिका थंय ऱ्हवांदे. तिका ऱ्हवाचा असात तितके दिवस ऱ्हवांदे. उद्या तिचो पाय बरो कर, तिका चालती कर, आणि येतली तेव्हा तिच्या मनान येऊं दे. माझ्यासाठी म्हणान नको रे म्हाराजा."

आबा वाट बघत होते. होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही, अर्धवट राहतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्याच तोंडून आलं, "व्हय म्हाराजा." मग बाकीच्यांनी म्हटलं.

फोनमधून मुलगी म्हणाली, "आजोबा, पाय बर्फामुळे मोडला. तुमच्यामुळे नाही." रडत होती, पण नाक पुसत नीट बोलत होती.

"ता माका कळता गो," आबा म्हणाले. "पण मागलंय ता मागलंय."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घोट्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू आहेत, थंडीत ठणकतात. सेमिस्टर तिने सोडलं नाही. कुबड्या घेऊन वर्गात जात होती, त्या बाई गाडीने सोडत होत्या. आता एप्रिल आहे. ती पुढे तिथेच संशोधन करायचं म्हणतेय, तीन-चार वर्षं. आबा रोज सकाळी आठला फोनसमोर बसतात आणि विचारतात, "गमता मा तुका?" ती "हो, करमतं" म्हणते. ते ऐकून त्यांना आनंद होतो आणि वाईटही वाटतं, आणि ते दोन्ही लपवत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. आबांना नाही, नवऱ्याला तर नाहीच. ती पडल्यावर तिसऱ्या दिवशी "परत येते" म्हणाली, त्याच दुपारी मी आतल्या खोलीतलं तिचं कपाट रिकामं केलं होतं. ती गेल्यापासून त्यात आमच्या जादा चादरी होत्या. त्या काढल्या, कप्पे पुसले, नवे कागद घातले, डांबराच्या गोळ्या टाकल्या. पोरीचा पाय मोडलाय आणि मी गाणं गुणगुणत कपाट लावत होते. आबांनी निदान देवासमोर कबूल केलं. त्या सकाळी गाऱ्हाणं संपलं, सगळ्यांना खोबऱ्याचा तुकडा देऊन झाला, मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती तशीच ठेवली. आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि त्या चादरी एकेक करून परत तिच्या कपाटात ठेवल्या.